कर्ज कोणाच्या नाण्यात? देशी आणि परदेशी कर्जरोख्यांतील फरक

सरकारी कर्जाचा विषय निघाला की आपल्या बैठकांतून आणि अभ्यासमंडळांतून एक अवघडलेपण येते. हा मंत्रालयातल्या सचिवांचा आणि शेअरबाजारातल्या दलालांचा विषय, आपला नव्हे, अशी समजूत रूढ झालेली आहे. ही समजूत सोयीची आहे. पण ती नेमकी कोणाच्या सोयीची, हे तपासले पाहिजे. कर्ज सरकार काढते, व्याज खजिना देतो, आणि खजिना भरतो कोण? साबणापासून काडेपेटीपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर देणारा माणूस तो भरतो. ज्याच्या खिशातून व्याज जाते त्याला कर्जाच्या अटी माहीत नसणे, ही काही साधी अनभिज्ञता नव्हे. ती विषमतेचीच एक बाजू आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विषय परका मानला नाही. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी नाणे आणि हुंडणावळ यांचा इतिहास बारकाईने तपासला. हुंडणावळ म्हणजे एका देशाच्या नाण्याची दुसऱ्या देशाच्या नाण्यातील किंमत. हा दर बदलला की एका वर्गाचे ओझे दुसऱ्या वर्गाच्या पाठीवर जाते, हे त्या ग्रंथातून शिकण्यासारखे आहे. देशी आणि परदेशी कर्जरोख्यांतील फरकही याच दृष्टीने समजून घेतला पाहिजे.

रोखा आणि त्याचे दोन प्रकार

कर्जरोखा म्हणजे छापील अटींचे कर्ज. सरकार, महापालिका किंवा कंपनी लिहून देते की, अमुक रक्कम घेतली, दरवर्षी अमुक टक्के व्याज देऊ आणि अमुक तारखेला मुद्दल परत करू. बँकेच्या कर्जात धनको एकच असतो. रोख्यांचे धनको हजारो असू शकतात, आणि ते आपला रोखा बाजारात तिसऱ्याला विकू शकतात. त्यामुळे आज कर्ज एकाकडून घेतले आणि उद्या तगादा लावायला भलताच उभा राहिला, असे घडते.

देशी रोख्यात तीन गोष्टी घरच्या असतात: नाणे, कायदा आणि बाजार. २०१७ साली पुणे महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. कर्ज रुपयांत, महापालिकेचे उत्पन्न रुपयांत, रोख्यांची नोंदणी मुंबईच्या शेअरबाजारात, आणि तंटा झालाच तर न्यायालय भारतातले. हा शुद्ध देशी रोखा.

या तिन्हींपैकी काही परमुलखातले असले की रोखा आंतरराष्ट्रीय होतो. त्यातही पोटभेद आहेत. अमेरिकेच्या बाजारात, अमेरिकेच्या नियमांखाली परदेशी ऋणकोने डॉलरमध्ये काढलेल्या रोख्याला ‘यांकी’ म्हणतात. जपानमध्ये येनमध्ये काढलेल्याला ‘सामुराय’. तिसरा प्रकार ‘युरोबॉण्ड’. त्याचा युरो या चलनाशी संबंध नाही. ज्या देशाचे नाणे, त्या देशाच्या बाजाराबाहेर काढलेला रोखा म्हणजे युरोबॉण्ड. १९६३ साली इटलीच्या रस्ते बांधणाऱ्या ‘आउतोस्त्रादे’ या संस्थेसाठी दीड कोटी डॉलरचा असा रोखा निघाला आणि हा बाजार सुरू झाला. त्याच वर्षी परदेशी रोख्यांतील गुंतवणुकीवर कर बसवण्याचा प्रस्ताव अमेरिकेत पुढे आला होता. तो चुकवायला डॉलरने लंडनचा रस्ता धरला. भांडवलाला घर नसते, ते असे.

ऋणकोच्या बाजूने

मग कोणी परदेशात कर्ज का काढतो? कारणे खरी आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. गरीब देशात बचत थोडी आणि व्याज चढे असते. परदेशी बाजारात पैसा मुबलक, व्याज कमी, मुदत लांब. शिवाय तेल, औषधे, यंत्रे आयात करायची तर डॉलर लागतातच. देशातच सरकारने फार कर्ज उचलले तर लहान उद्योजकाला बँकेत पैसा उरत नाही, हाही एक युक्तिवाद असतो.

परंतु ‘स्वस्त व्याज’ या दोन शब्दांत एक फास दडलेला आहे. समजा, डॉलर २०० रुपयांना असताना एका देशाने ८ टक्क्यांनी १०० डॉलर घेतले. मुद्दल झाले २०,००० रुपये आणि वर्षाचे व्याज १,६०० रुपये. पुढे डॉलर ३६० रुपयांना झाला. आता व्याज २,८८० रुपये आणि मुद्दल ३६,००० रुपये. धनकोने व्याजदर एका पैशाने वाढवला नाही, नवे कर्ज कोणी घेतले नाही, तरी कर्ज जवळजवळ दुपटीला पोहोचले. आणि नाणे घसरते ते देश अडचणीत असतानाच. म्हणजे हे कर्ज नेमके अशा वेळी फुगते, जेव्हा ते फेडण्याची ताकद सर्वांत कमी असते.

ज्याची कमाईच डॉलरमध्ये आहे, अशा निर्यातदार कारखान्याला हा धोका कमी. इतरांना हुंडणावळीच्या धोक्याविरुद्ध करार करून एक प्रकारचा विमा उतरवता येतो. पण त्या विम्याचा हप्ता स्वस्त व्याजातून होणारी बचत बहुतांशी गिळून टाकतो. जो विमा उतरवत नाही, त्याचे कर्ज स्वस्त नसते. त्याने जोखमीची किंमत फक्त पुढे ढकललेली असते.

या देशाने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थान सरकारची कर्जे दोन प्रकारची होती. काही रुपयांत, काही लंडनमध्ये पौंडांत. १८७० च्या सुमारास रुपयाची किंमत जवळपास दोन शिलिंग होती. म्हणजे एका पौंडाला दहा रुपये. चांदीचा भाव कोसळत गेला आणि १८९२-९३ पर्यंत रुपया सव्वा शिलिंगावर आला. म्हणजे तोच पौंड सोळा रुपयांना. लंडनला दरसाल पाठवायच्या ‘होम चार्जेस’मध्ये पौंडांतले व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला परतावा आणि निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने असत. ही रक्कम पौंडांत तेवढीच राहिली तरी रुपयांत दीडपटीहून अधिक झाली. खजिन्याच्या या ओढाताणीच्या काळातच, १८८८ मध्ये, मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. लंडनच्या रोखेधारकाने आपले पौंड मोजून घेतले. ज्याच्या भाकरीवर मिठाशिवाय दुसरे काही नव्हते त्याने फरक भरला.

त्या काळी असाही युक्तिवाद केला जाई की, रुपया घसरला तर निर्यात वाढते, म्हणून ते देशाच्या फायद्याचेच. बाबासाहेबांनी त्यातली मेख दाखवली. भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. तेव्हा निर्यातदाराच्या हाती पडणारा हा नफा देशाबाहेरून येत नाही, तो मजुराच्या ताटातून येतो.

गुंतवणूकदाराच्या बाजूने

आता धनकोच्या जागेवरून पाहू. देशी रोखा घेणाऱ्याला हुंडणावळीची चिंता नसते. त्याची मिळकत आणि खर्च एकाच नाण्यात. त्याला दोन वेगळ्या भीती असतात. पहिली महागाईची. सरकार आपले रुपयांतले कर्ज कधीही फेडू शकते, कारण नाणे त्याच्याच हातात आहे. पण फेडीच्या दिवशी त्या रुपयात काय विकत मिळेल, याची हमी नाही. दुसरी भीती कायद्याची. देशी रोखा देशाच्या कायद्याखाली असतो आणि तो कायदा बदलण्याचा अधिकार खुद्द ऋणकोच्याच, म्हणजे सरकारच्या, हाती असतो.

परदेशी नाण्यातला रोखा घेणारा या दोन्ही भीतींतून बराचसा सुटतो. त्याला डॉलर मिळतात, आणि करार बहुधा न्यूयॉर्कच्या किंवा इंग्लंडच्या कायद्याखाली असतो. मात्र त्याला तिसरी भीती असते. ऋणको देश डॉलर छापू शकत नाही. गंगाजळी आटली की इच्छा असूनही तो फेडू शकत नाही. म्हणूनच हा गुंतवणूकदार पतमापन संस्थांच्या शेऱ्याकडे डोळे लावून बसतो आणि शेरा उतरला की सगळे एकदम विकायला निघतात.

कायद्याचा हा भेद कागदी नाही. २०१२ साली ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा त्याच्या बहुतेक रोख्यांवर ग्रीसचाच कायदा लागू होता. संसदेने नवा कायदा करून त्या सर्व रोखेधारकांवर बहुमताचा निर्णय बंधनकारक केला आणि त्यांची रक्कम निम्म्याहून अधिक कापली गेली. पण काही रोखे इंग्लंडच्या कायद्याखाली होते. त्यांतले जे धनको तडजोडीला नकार देऊन अडून बसले, त्यांना त्याच वर्षी मे महिन्यात ४३.५ कोटी युरो पूर्ण मोजून मिळाले. ऋणको एकच, संकट एकच. न्यायालय वेगळे म्हणून न्याय वेगळा.

अर्जेंटिनाचे उदाहरण याहून बोलके आहे. २००१ च्या दिवाळखोरीनंतर बहुतेक रोखेधारकांनी कपात मान्य केली. पण काही गुंतवणूक संस्थांनी बाजारात पडेल भावात पडलेले रोखे उचलले आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयात पूर्ण रकमेचे दावे लावले. ऑक्टोबर २०१२ मध्ये अशाच एका दाव्यापोटी अर्जेंटिनाच्या नौदलाचे ‘लिबेर्ताद’ हे जहाज घानाच्या तेमा बंदरात अडकवून ठेवण्यात आले. ते डिसेंबरमध्ये सुटले. शेवटी २०१६ मध्ये अर्जेंटिनाला या धनकोंशी तडजोड करून मोठी रक्कम मोजावी लागली. अशा संस्थांना जगभर ‘गिधाड फंड’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

श्रीलंकेचा धडा

देशी आणि परदेशी रोख्यांतला हा सारा फरक एकाच देशात, एकाच संकटात पाहायचा असेल तर शेजारच्या श्रीलंकेकडे पाहावे. श्रीलंकेने २००७ साली पहिला आंतरराष्ट्रीय सरकारी रोखा काढला. ५० कोटी डॉलरचा, ८.२५ टक्के व्याजाचा. त्या वेळी देशात कर्ज काढायचे तर याहून बरेच अधिक व्याज पडे. स्वस्ताईची चव लागली आणि असे रोखे वाढत जाऊन सुमारे साडेबारा अब्ज डॉलरवर गेले. जुना रोखा फेडायला नवा काढायचा, हा रिवाज झाला. २०१९ च्या अखेरीस सरकारने कर मोठ्या प्रमाणावर कमी केले. लगेच कोविडची साथ आली, पर्यटन थांबले, डॉलर आटले. नवे रोखे कोणी घेईना.

तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी, देशात इंधनाची आणि औषधांची ओढ लागलेली असताना, श्रीलंकेने मुदत संपलेल्या रोख्याचे ५० कोटी डॉलर चुकते केले. अखेर १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले. डॉलर काही आठवड्यांत सुमारे २०० रुपयांवरून ३६० च्या घरात गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा वार्षिक दर ७० टक्क्यांना भिडला.

या आकड्यांखाली माणसे कोणती होती? मध्य श्रीलंकेच्या डोंगरांत, नुवारा एलिया आणि हॅटनच्या परिसरात, चहाचे मळे आहेत. तिथले मजूर एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्याच्या तमिळ जिल्ह्यांतून नेलेल्या कुटुंबांचे वंशज. त्यांतले बरेच दलित जातींतले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या बहुसंख्यांना नागरिकत्वापासूनही दूर ठेवले होते. चहा देशाला वर्षाला एक अब्जाहून अधिक डॉलर मिळवून देतो. पण चहा खुडणाऱ्या बाईची मजुरी रुपयांत. २०२१ मध्ये तिची रोजची मजुरी एक हजार रुपये ठरली, तेव्हा ती पाच डॉलरच्या बरोबरीची होती. वर्षभरातच ती तीन डॉलरच्या खाली आली. डॉलर ती मिळवते, आणि डॉलर महाग झाल्याची झळही तिलाच लागते.

गोष्ट इथे संपत नाही. श्रीलंकेत मजुराच्या पगारातून ८ टक्के आणि मालकाकडून १२ टक्के रक्कम भविष्यनिर्वाह निधीत जाते. हा निधी प्रामुख्याने सरकारच्या देशी रोख्यांत गुंतवलेला असतो. म्हणजे मळ्यातली मजूर आपल्या सरकारची धनको आहे. तिला कोणी तसे सांगितलेले नसते एवढेच. २०२३ च्या मध्याला देशी कर्जाची फेररचना ठरली आणि १ जुलै रोजी संसदेने ती मंजूर केली. निवृत्ती निधींनी जुने रोखे देऊन नवे, लांब मुदतीचे रोखे घ्यावेत. त्यांवर २०२६ पर्यंत १२ टक्के आणि पुढे ९ टक्के व्याज मिळेल. न घेतले तर? निधीच्या उत्पन्नावरचा कर १४ टक्क्यांवरून ३० टक्के होईल. याला ‘ऐच्छिक’ म्हटले गेले. बँकांचे रोखे मात्र यातून वगळले. बँकांवर आधीच कराचा बोजा मोठा आहे आणि त्या कोलमडल्या तर ठेवीदार बुडतील, असे कारण दिले गेले. कारण खोटे नव्हते. पण ओझे कोणावर टाकायचे याची निवड झाली, आणि ते कामगारांच्या म्हातारपणावर टाकले गेले.

परदेशी रोखेधारकांनाही झळ बसली, हेही नोंदवले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे जुने रोखे बदलून नवे देण्यात आले आणि मुद्दलात २७ टक्के कपात झाली. कामगारांच्या निधीचे मुद्दल आकड्यांत कापले गेले नाही. वरवर पाहता परदेशी धनकोचेच अधिक नुकसान झाले असे दिसेल. पण परदेशी धनकोंजवळ वकील होते, त्यांची समिती होती, वाटाघाटींची दोन वर्षे होती. आणि देशाची अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा अधिक वाढली तर त्यांना अधिक रक्कम देण्याची अट नव्या रोख्यांत आहे. हॅमिल्टन रिझर्व्ह बँक या धनकोने तर जून २०२२ मध्येच न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला होता. मजुराच्या निधीचे मुद्दल महागाईने आधीच कुरतडून टाकले होते, आणि त्या कुरतडण्याविरुद्ध दाद मागायला जगात कुठेही न्यायालय नाही.

आपल्याकडील मार्ग

भारत सरकारने परकीय नाण्यातले स्वतःचे सरकारी रोखे आजवर जागतिक बाजारात विकलेले नाहीत. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात तसा प्रस्ताव मांडला गेला, त्यावर टीका झाली आणि तो मागे पडला. त्याऐवजी दोन मध्यममार्ग दिसतात.

पहिला ‘मसाला बॉण्ड’चा. रोखा लंडनमध्ये विकायचा, पण कर्ज रुपयांत धरायचे. जागतिक बँक समूहातील इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने २०१४ मध्ये हे नाव रूढ केले; २०१६ मध्ये एचडीएफसीने ३,००० कोटींचे असे रोखे काढले. २०१९ साली केरळ सरकारच्या ‘किफ्बी’ या संस्थेने २,१५० कोटी रुपये ९.७२३ टक्क्यांनी उभे केले. एवढे व्याज का, असा वाद झाला. त्याचे उत्तर हुंडणावळीत आहे. तेव्हा डॉलर सुमारे ६९ रुपयांना होता. २०२४ मध्ये फेड झाली तेव्हा सुमारे ८३ रुपयांना. १०० डॉलर घालणाऱ्याला मुद्दलापोटी सुमारे ८३ डॉलरच परत मिळाले. हा तोटा गुंतवणूकदाराने सोसला, आणि तो सोसावा लागेल हे ओळखूनच त्याने आधी चढे व्याज मागितले होते. जोखीम नाहीशी होत नसते. ती कोणीतरी घेतो आणि तिची किंमत वसूल करतो.

दुसरा मार्ग परदेशी पैशाला घरी बोलावण्याचा. २०२० पासून ठरावीक सरकारी रोखे परदेशी गुंतवणूकदारांना मर्यादेविना घेता येऊ लागले आणि जून २०२४ पासून ते जे. पी. मॉर्गनच्या रोखे निर्देशांकात आले. इथे नाणे आपले, कायदा आपला. धनको तेवढा परका. हुंडणावळीचा धोका त्याचा. पण तो घाबरून एकदम विकून निघाला तर व्याजदर चढतात, रुपया घसरतो, आणि त्याची झळ इथल्यांना लागते. तेव्हा हाही मार्ग निर्धोक नाही, पहिल्यापेक्षा बरा इतकेच.

कोणते प्रश्न विचारायचे?

उद्या आपल्या राज्यात, महापालिकेत, वीज मंडळात कर्जरोखे निघाले तर व्याजाचा दर ऐकून थांबू नये. पुढचे प्रश्न विचारावेत. कर्ज कोणत्या नाण्यात आहे, आणि ज्या प्रकल्पासाठी ते काढले त्याची कमाई कोणत्या नाण्यात येणार? नळपट्टी रुपयांत गोळा करून डॉलर फेडायचे असतील, तर हुंडणावळीचा धोका कोणाच्या माथी? तंटा कोणत्या देशाच्या न्यायालयात चालेल? मुदत एकदम संपते की हप्त्याहप्त्याने? फेड थकली तर पहिली कात्री कशाला लागेल: शिष्यवृत्तीला, रेशनला, की धनकोच्या हिश्शाला?

आणि आणखी एक प्रश्न, जो आपण क्वचितच विचारतो: आपण स्वतः कोणाचे धनको आहोत? भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा, बँकेतली ठेव, या साऱ्यांतून आपल्या सफाई कामगारांचा, गिरणी कामगारांचा, शिक्षकांचा पैसा सरकारी रोख्यांत जातो. ऋणको म्हणून कराने आणि धनको म्हणून निधीने, दोन्ही बाजूंनी आपण या व्यवहारात आहोतच. फक्त ज्या टेबलाशी अटी ठरतात तिथे आपली खुर्ची नाही. ती मिळवायची तर आधी रोख्यावरची बारीक अक्षरे वाचायला शिकले पाहिजे. गावच्या सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्या आजोबांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी न घेतलेले कर्जही फेडले. आपल्याला वाचता येते. मग ही वही न वाचण्याला आपल्याजवळ कोणते कारण आहे?